जोडपट्टा

विमानातल्या सीटचा पट्टा चार बोटं कमी पडला. सिस्टरांनी श्वास आत ओढला, पोट आवळलं, पुन्हा खेचून पाहिलं. टोकं काही जुळेनात. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी मांडीवर ओढणी पसरली.

प्रसूतिगृहात गेली सव्वीस वर्षं त्यांना सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत. वयामुळे म्हणतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. विमानाच्या वाटेला त्या कधी गेल्या नव्हत्या. चार वर्षांपूर्वी आई अचानक अत्यवस्थ झाली, तेव्हासुद्धा ‘विमानाचं तिकीट मिळेना’ अशी थाप मारून त्या रेल्वेने निघाल्या. दुसऱ्या दिवशी पोचल्या, तोवर सगळं उरकलं होतं. आता भाचीचं सिझेरियन उद्या सकाळवर आलं होतं आणि धाकटी बहीण फोनवर रडली होती, “ताई, तू ये गं. तू असलीस की धीर येतो.”

एअर होस्टेस पट्टे तपासत आली. “पट्टा लावलाय ना, मॅडम?”

“लावलाय.”

ती पुढे सरकली आणि सिस्टरांची कानशिलं तापली. कळा सोसणाऱ्या बायकांना त्या रोज दटावत, ‘इथे कसली लाज? मोठ्याने सांग काय होतंय ते!’

“अहो, जरा ऐकता का?” आवाज भलताच मोठा निघाला. पुढच्या रांगेतली डोकी वळली. “पट्टा पुरत नाही मला.”

“एवढंच ना? जोडपट्टा देते की.” तिने तो आणून टक्कन अडकवूनही दिला. “आजच्या फेरीतला हा तिसरा. आधी सांगायचं नाही का!”

खिडकीपाशी बसलेल्या आजींनी दोघींच्या मधला, हात टेकायचा दांडा वर केला. “हा असाच राहू दे. मलाही कोपराखाली मऊ बरं वाटतं.”

सिस्टर आधी ओशाळल्या, मग खुदकन हसल्या. हसताना पोट हललं, पण पट्टा कुठे काचला नाही. विमान वर चढलं तशी त्यांनी पाठ टेकली. सकाळपासूनचं अवघडलेलं अंग हळूहळू सैल झालं.

“माहेरी का?” आजींनी विचारलं. “वरचेवर जात असाल. दीड तासाचं तर काम.”

सिस्टरांनी जोडपट्ट्यावरून बोट फिरवलं.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “दीडच तास.”