पायथ्याची पांढरी माती

आधी रूपरावांचा फायदा सांगतो. माझ्या पायथ्याची पांढरी माती वाफ्यात टाकली की वांगं असं तकतकीत येई, की वर्ध्याच्या बाजारात बाया दुसऱ्याच्या ढिगाकडे बघतही नसत. खत नको, गाडीभाडं नको. त्यांची वाडी माझ्या सावलीतच. एवढा फायदा सोडणारा माणूस मी तरी पाहिला नाही, आणि मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत.

मित्रांनो, मी धाम नदीच्या काठावरचा एक जुना बुरूज आहे. बाहेरून काळा दगड, आत घट्ट चोपलेली माती. नदी उतरून कोण येतं त्यावर नजर ठेवायला मला बांधलं. पुढे लढाया संपल्या, पहारे उठले. ज्या गढीचा मी बुरूज, तिच्या भिंतींची माती लोकांनी घरं सारवायला नेली आणि मी एकटा उरलो. येणारा-जाणारा माझं कौतुक करी, आणि कौतुक करता करता घमेलं भरून घेई. त्यात रूपराव चिकाटीचे. पंधरा उन्हाळे त्यांनी एकाच जागी कुदळ चालवली. शेवटी तिथे दोन बैल बसतील एवढी पोकळी झाली. तोंडाशी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, उभ्या केल्या; बघणाऱ्याला कुंपण वाटावं.

यंदा रूपरावांच्या मुलीनं, काजलनं, नवं काम काढलं. नदीकाठची जुनी ठिकाणं लोकांना हिंडून दाखवायची. पवनारचा जुना दरवाजा, एक पडकं देऊळ आणि शेवटी माझ्या माथ्यावरून दिसणारं नदीचं वळण. पहिली सहल रविवारी ठरली.

माझ्या पोटात माती झरत होतीच. त्या आठवड्यात तिचा आवाज येऊ लागला. पाकोळ्या घरटी सोडून गेल्या. माथ्यावर हात जाईल एवढी भेग पडली, आणि ती गवताखाली झाकलेली होती.

शनिवारी वांगी तोडता तोडता रुख्माबाई नवऱ्याला, रूपरावांना, म्हणाल्या, "अवो, पोरीले सांगा ना. काऊन गप बसले?"

"काय सांगू? तुह्या बापानंच पोखरला म्हून? थे साऱ्यायले सांगून राह्यली का याले कोनी हात नाई लावला."

"मंग तुमचं तोंड काळं होईन. पोरगी तं वाचन!"

"इतके साल उभा हाय. एका ऐतवारानं पडते काय?"

रुख्माबाईंनी टोपलं उचललं. त्यांनीही काजलला सांगितलं नाही.

रविवारी अकरा पाहुणे आले. त्यांतल्या प्रमिलाबाई, निवृत्त शिक्षिका, धापा टाकत वर पोचल्या. "काजल, परत उतरवायची जबाबदारी तुझी हं!"

"काळजी नका करू मॅडम. याच्यावर हत्ती चढवा, हालणार नाई."

मी हाललो. वाडीतून रूपराव ओरडत धावले, "काजल, उतर! साऱ्यायले उतरव!"

पोरगी हुशार. का म्हणून विचारलं नाही. एकेकाला हात धरून खाली सोडलं, प्रमिलाबाईंना तर जवळजवळ ढकललं. मी शक्य तेवढा थांबलो. अकराव्या पाहुण्याचा पाय जमिनीला लागला, आणि वर राहिलेल्या काजलसकट मी ढासळलो. पोकळी माझ्याच ढिगाऱ्याखाली बुजली, तुराट्यांसकट.

गावात लोक म्हणाले, "पोट्टीनं एवढे लोकं चढवले, मंग पडन नाई तं काय!" रूपराव तिथेच उभे होते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वास्तूंची काळजी घ्या असं सगळेच सांगतात. माझं मागणं लहान आहे. कुठे पोकळ आहे हे ज्याला माहीत असेल, त्यानं चढणाऱ्याला आधी सांगावं.

पाहुणे सुखरूप घरी पोचले. रूपरावांची वाडी यंदाही बहरली. मी अर्धा उरलो. पण माझं वय झालंच होतं. काजलच्या पायात सळई आहे आणि तिच्याबरोबर नदीकाठी आता कुणी येत नाही. भेटायला येणाऱ्याला ती सांगते, "चूक माहीच होती."

बाप बाजूलाच बसलेला असतो.