चार चव्वेचाळीस

मित्रांनो, किती वाजले ते मला कधीच सांगता आलं नाही. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. कुणी पळायला लागलं की चालू व्हायचं आणि पळून झालं की थांबायचं, एवढंच माझं काम. गोल पोलादी डबी, डोक्यावर दाबायची खुंटी, आत दातेरी चाकं आणि एक स्प्रिंग. कारखान्यात शेवटची तपासणी करणाऱ्या बाईंनी मला कानाशी धरलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हे काही खोटं बोलायचं नाही हं." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं ताठ्यात काढली. आता ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

मला विकत घेतलं हर्शेल डन यांनी. अमेरिकेतल्या एरी गावच्या फुटबॉल संघाचे ते पारखी. तिकडच्या फुटबॉलात चेंडू हातांनी फेकतात, झेलतात आणि घेऊन पळतात. गावोगावच्या कॉलेजांत जायचं, पोरं पळताना पाहायची, कोण आपल्या संघात शोभेल ते कळवायचं, हा त्यांचा धंदा. चाळीस यार्ड पळायला पोराला किती वेळ लागतो, ते मी सांगायचं. या खेळात सेकंदाच्या दहाव्या भागावरून माणसाचं नशीब ठरतं. हसू नका, खरंच ठरतं.

अकरा वर्षं हर्शेलच्या गळ्यात काढल्यावर त्यांनी मला डेल ओस्ट्रोस्कीच्या हातात दिलं. डेल तेव्हा सव्वीस वर्षांचा, नवा पारखी.

"एक लक्षात ठेव," हर्शेल म्हणाले. "पोरगं पळायच्या आधी त्याच्या घरी जेवायचं नाही. कितीही आग्रह होऊ दे, पळून झाल्यावर येतो म्हणायचं."

"का हो? विष घालतात की काय?"

"माया घालतात. आपलं माणूस पळायला लागलं ना, की अंगठा रेंगाळतो. पोरगं सुटतं आणि अंगठा तिथंच. घड्याळ उशिरा चालू झालं की पोरगं आहे त्याहून जोरात पळालं असं दिसतं."

"माझा नाही रेंगाळायचा," डेल म्हणाला.

आणि खरंच, वीस वर्षं रेंगाळला नाही. काय दिवस होते ते! अलाबामाच्या उन्हात आणि नेब्रास्काच्या वाऱ्यात आम्ही मैदानाच्या कडेला उभे राहिलो. गाडीच्या टपावर ठेवून गार झालेले सँडविच त्याने खाल्ले, मुलीचे वाढदिवस फोनवर साजरे केले. त्याच्या आकड्यावर कुणी शंका घेत नसे. दुसऱ्या संघांचे पारखीसुद्धा हळूच विचारायचे, "डेल, तुझं काय आलं?" आणि तो मला वर करून दाखवायचा. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग डेल आमच्या संघाचा जनरल मॅनेजर झाला. म्हणजे संघ जमवणारा माणूस. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळं त्याच्या सहीने. संघ जिंकला की टाळ्या प्रशिक्षकाला, हरला की शिव्या याला. आमचा संघ तर नऊ वर्षं धड जिंकला नव्हता. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोन हंगाम, डेल. त्यात गाडं रुळावर आलं नाही तर आपला रामराम."

तोवर आकडे दाखवणारी नवी घड्याळं आली होती. तरुण पारखी माझ्याकडे पाहून गालात हसायचे. डेल मात्र मला खिशात घेऊनच निघायचा.

त्या वसंतात आम्ही मिसिसिपीतल्या एका लहानशा कॉलेजात गेलो. क्विंटेल मॅब्री नावाचा पोरगा पाहायचा होता. लांब फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा. त्याचे हात पाहून डेलच्या तोंडून "अरे देवा!" निघून गेलं. पण पावसाने मैदानाचा चिखल झाला होता आणि पळायचं दुसऱ्या दिवसावर गेलं. क्विंटेलची आई, अर्नेस्टीन, गाडीपाशी आली. मासे कापायच्या कारखान्यात काम करायची ती. बोटांवर जुन्या वारांच्या रेघा होत्या.

"एकटे हॉटेलात काय भिंती बघत बसणार? मासा तळलाय. चला."

डेल म्हणाला, "नको, उद्या येतो." तिने ऐकलं नाही. मी खिशात होते, सगळं ऐकत होते. तळलेला मासा, पालेभाजी, मक्याचा पाव. "घ्या हो आणखी," ती म्हणत होती. "पाहुणे आहात की परीक्षेला बसलाय?" डेल इतका हसला की मी खिशात हिंदकळले. खूप दिवसांनी तो कुणाच्या तरी घरात बसून जेवत होता.

निघताना क्विंटेल दारापर्यंत आला. "मिस्टर डेल, आईचं ते काम सुटावं एवढीच इच्छा आहे. आणि मला खेळायचंय. म्हातारा होईपर्यंत खेळायचंय."

"पळ तर उद्या," डेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. डेलचे दोन तरुण पारखी आपली नवी घड्याळं घेऊन बाजूला उभे होते. क्विंटेल वाकला, एक हात जमिनीला टेकला. डेलचा अंगठा माझ्या डोक्यावर होता, घामाने ओला. क्विंटेलचा हात जमिनीवरून उठला. मी वाट पाहिली. अंगठा पडला नाही. मग पडला. मित्रांनो, डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, पण तेवढ्यात सगळं घडून गेलं. डेलने मला डोळ्यांसमोर धरलं आणि ओरडला, "चार चव्वेचाळीस!" म्हणजे चार सेकंद आणि वर चव्वेचाळीस शतांश, वाऱ्याचा वेग.

डेल लबाड नव्हता. शपथेवर सांगते, त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. पण मी काय करणार? माझे काटे होते तिथेच थांबले.

खेळाडूंच्या निवडीचा दिवस आला. सगळे संघ पाळीपाळीने, एकेका फेरीत एकेक पोरगा उचलतात; पहिल्या फेरीतल्याला पैसा सगळ्यात जास्त आणि त्याच्याकडून अपेक्षाही. हर्शेल आता थकले होते, पण सल्ल्याला म्हणून खुर्चीत बसवलेले. ते म्हणाले, "तुझ्या या दोन तरुण पारख्यांच्या घड्याळांत चार छप्पन आणि चार सत्तावन्न आहेत. तुझ्या एकट्याचं चव्वेचाळीस. पोरगा गुणी आहे, पाचव्या फेरीत घे, सावकाश तयार कर. पहिल्या फेरीत घेतलास तर लोक त्याच्याकडे वाऱ्याचा वेग मागतील."

"हर्शेल, हे तुमचंच घड्याळ आहे. आजवर चुकलंय कधी?"

"त्याच्या घरी जेवलास का?"

डेल म्हणाला, "पाऊस होता."

"मग झालं तर," हर्शेल म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

डेलने क्विंटेलला पहिल्याच फेरीत घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात डेलच्या तळहातावरचा माझा फोटो आला. मला काचेच्या पेटीत, मखमलीवर ठेवलं. लोक येऊन पाहून जायचे. खोटं कशाला बोलू, मी फुगले. खरं काय ते माहीत असूनही फुगले.

आणि मग हंगाम सुरू झाला. क्विंटेल चेंडू सोडत नव्हता, पण त्याच्यामागे पळणारे त्याला दर वेळी गाठत होते. प्रेक्षक ओरडायचे, "ए मॅब्री, बस चुकली का रे?" "ढकला रे त्याला कुणीतरी!" तिसऱ्या सामन्यानंतरच्या सोमवारी दुपारी डेलने केबिनचं दार लावलं, मला पेटीतून काढलं आणि मिसिसिपीतल्या त्या दिवसाची चित्रफीत लावली. पडद्यावर क्विंटेलचा हात उठला की तो मला दाबायचा. चार छप्पन. पुन्हा. चार सत्तावन्न. पुन्हा. चार छप्पन. बारा वेळा केलं. मग कपाळाला हात लावून बसला.

तेव्हाच खाली मैदानावर जाऊन त्याने क्विंटेलला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मालकांनी दिलेले दोन हंगाम त्याला दिसत होते. त्याने मला पेटीत नाही, कपाटात टाकलं, तिथेच मी धूळ खात पडले.

क्विंटेलला वाटत होतं, आपण आळशी झालो. चव्वेचाळीसचा वेग अंगात होता आणि आपण तो घालवला. तो वेग परत आणायला पोरगा सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. पायाला वजनं बांधून पळायचा, जिने चढायचा, जेवण तोडलं. प्रशिक्षक म्हणाले, "अरे, जरा दमाने घे." ऐकेल तर ना. दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर, एकटाच पळताना, त्याच्या टाचेमागची शीर तुटली.

तो हंगाम संपत आला तेव्हा त्याला काढायचं ठरलं. आमच्याकडे काढायच्या खेळाडूला निरोप जातो, "डावपेचांची वही घेऊन वर ये." की समजायचं, आपला खेळ संपला. डेलने निरोप्या पाठवला नाही, स्वतः बोलावून खुर्ची दिली. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. मी पाहत होते. क्विंटेलने वही टेबलावर ठेवली, कोपरे नीट जुळवले.

"एक विचारू, मिस्टर डेल? त्या दिवशी मी खरंच तेवढा पळालो होतो ना?"

मी मनात म्हणत होते, सांग. आता तरी सांग.

"हो," डेल म्हणाला. "पळाला होतास."

"मग मीच घालवलं," क्विंटेल म्हणाला आणि लंगडत गेला.

त्याच हिवाळ्यात मालकांनी डेललाही काढलं. बावीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं. कपाट रिकामं करताना मी त्याच्या हाती लागले. त्याने मला खिशात टाकलं. घरी तो बायकोशीही बोलेना. एके दिवशी उठला आणि गाडी काढून थेट मिसिसिपीला निघाला.

क्विंटेल एका शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होता. डेलने मला हातात धरलं आणि सगळं सांगितलं. जेवण, अंगठा, चित्रफीत, सगळं. "तू चार छप्पनच पळाला होतास. काहीही घालवलं नव्हतंस. मला पहिल्या हंगामापासून माहीत होतं."

क्विंटेलने चुन्याची गाडी थांबवली.

"तुमच्यामुळे आईला घर झालं," तो म्हणाला. "ते काम सुटलं. म्हणून मी तुम्हाला शिवी देत नाही. पण मला खेळायचं होतं, मिस्टर डेल. छप्पनवाल्या पोरालाही कुणीतरी खेळवलं असतं. अजून खेळत असतो मी."

डेलला रडू आलं. क्विंटेलने त्याला थोपटलं नाही की हाकललंही नाही. रेघ अर्धी राहिली होती, ती पुरी करायला तो वळला.

त्या दिवसापासून मी डेलच्या गाडीच्या खणात पडून आहे. कुणी चावी दिलेली नाही. मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात कुणाचं तरी माप येईल. विद्यार्थ्याचं, भावाचं, मित्राचं. माया खुशाल करा, पण त्याला त्याचाच आकडा द्या. आणि चुकलात, तर कळल्या क्षणी जाऊन सांगा. त्याची शीर तुटेपर्यंत थांबू नका. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला तर आहे.