पंधराव्या घराचा ठोका

त्या छोट्या रेडिओ केंद्राचा आवाज जेमतेम सात गल्ल्यांत ऐकू जायचा, पण दर रविवारी दुपारी त्या सात गल्ल्या नुसता उच्छाद मांडायच्या. लोक रेडिओ खिडकीत ठेवायचे, ताट, डबा, कढई, सापडेल ते हातात घ्यायचे. कार्यक्रम चालवणाऱ्या ठोकेबाईंनी रेडिओवरून गल्लीचा नंबर पुकारला की फक्त त्या गल्लीने वाजवायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. चारदोन जण फोन खिडकीबाहेर धरायचे आणि ठोकेबाई तो सगळा आवाज गुंफून पुन्हा रेडिओवर सोडायच्या. शेवटी साखळी असायची. एका घराचा एकच ठोका, मग पुढच्या घराचा.

ठोकेबाई हे नाव केंद्राच्या साहेबांनी चेष्टेनं ठेवलेलं. आज त्याच साहेबांनी कार्यक्रमाचा शेवटचा दिवस ठरवला होता, आणि त्याला कारण कटकट आजी. आठ महिने दर रविवारी बरोबर साडेचारला तिचा फोन यायचा. "बंद करा हा कालवा! माझ्या घरात रेडिओ नाही, मला कशाला ही शिक्षा?" नाव विचारलं की फोन आपटायची. मग साहेबांचं डोकं खायची. शेवटी साहेबांनी हात टेकले.

साडेचार वाजले. फोन वाजला.

"आली जखमेवर मीठ चोळायला," ठोकेबाई पुटपुटल्या. "बोला आजी, झालं समाधान?"

घरघरता श्वास. मग तुटक शब्द, "पडले... उठवत नाही..." आणि रिसीव्हर कशावर तरी आपटला.

"आजी! कुठे राहता? आजी!"

त्यांचा स्वतःचाच आवाज फोनमधून परत आला. माईक चालू राहिला होता आणि म्हातारीच्या घरात रेडिओ वाजत होता, तोही चांगला मोठ्यानं. अगं खोटारडे! ठोकेबाईंना हसू फुटायच्या आत रडूच आलं. केंद्राच्या जुन्या फोनवर नंबर दिसत नसे. या बाईला शोधायचं कुठे?

गल्ल्यांतले बाकीचे फोन बंद करून त्या माईककडे वळल्या. "हातातलं सगळं खाली ठेवा. एक आजी घरात पडल्यात. घर माहीत नाही, पण त्यांचा फोन माझ्या कानाशी आहे. मी पुकारीन तीच गल्ली वाजवेल. पहिली!"

आजीच्या फोनमधून काही ऐकू आलं नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. चौथीच्या वेळी कुठूनसा भलताच डबा वाजला.

"कोण तो शहाणा? माणूस मरतंय तिकडे!" त्या ओरडल्या. साहेब धावत आत आले, तसा त्यांनी एक हात वर करून त्यांना दारातच थोपवलं. फोनमधला श्वास आता अंतराअंतरानं येत होता.

पाचव्या गल्लीचा आवाज लांबून आला. सहावीने वाजवलं आणि कानठळ्या बसल्या.

"सहावी! आता साखळी. पहिल्या घरापासून, एकेक."

टण. टण. आवाज हळूहळू जवळ येत होता. अकरा, बारा, तेरा. चौदावा ठोका तर कानाशीच वाजला. मग एक ठोका गळाला आणि पुढचा तितक्याच जवळून आला.

ठोकेबाई गारठल्या. हा गाळलेला ठोका त्यांच्या ओळखीचा होता. दर रविवारी सहाव्या गल्लीत पंधरावं घर गप्प राहायचं आणि सोळावं घर तेवढी जागा सोडून वाजवायचं. आठ महिने त्यांनी त्या घराला आळशी म्हणून नावं ठेवली होती.

"पंधरावं घर!" त्यांचा आवाज फाटला. "दार तोडा, आत्ता!"

साहेबांनी दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगितला. ठोकेबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. पावलं, आरडाओरडा, दारावर धक्के. श्वास मात्र ऐकू येईना. "आजी, भांडायला तरी उठा हो," त्या म्हणाल्या, आणि तेही त्या घरातल्या रेडिओवर वाजलं.

दार धाडकन पडलं. "आजी! ऐकू येतंय का?" कुणीतरी ओरडलं. "पाणी आणा! अन् आधी तो रेडिओ बंद करा, केवढ्यानं लावलाय!"

मग फोनच्या अगदी जवळून एक खरखरीत आवाज आला.

"खबरदार, हात लावलास तर."