पदरावर हात

आपली बायको सीमंतिनी गेली हे बळवंतला कंपू भागातल्या दवाखान्यात पोचल्यावर कळलं. तिच्या दुकानातली माणसं आधीच तिथे उभी होती आणि कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

माधवगंजातल्या साड्यांच्या दुकानात ती हिशेब बघायची. बसल्या जागी कोसळली. कुणी वारा घातला, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. छाती दाबायला हवी, हे सेल्समन हेमेंद्रला ठाऊक होतं, मोबाइलवर पाहिलेलं. पण वहिनींच्या अंगाला हात कसा लावायचा? म्हणून तो वरच्या पार्लरमधल्या शांताताईंना बोलवायला धावला. त्या येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला त्यानेच हे रडत सांगितलं. तेव्हापासून बळवंतला घरात बसवेना. जेवता जेवता उठायचा, चपला घालायचा, दुकानापर्यंत जाऊन परत यायचा. शेवटी एक दिवस आत शिरला आणि मालकांसमोर गादीवर बसला.

"विश्वासराव, छाती कशी दाबायची ते सगळ्यांना शिकवून घ्या. नर्स मी आणतो."

"अहो, लग्नसराई आहे. आणि हे दुकान आहे का दवाखाना?"

बळवंत हलला नाही. गिऱ्हाइकं वळून बघू लागली, तेव्हा विश्वासराव म्हणाले, "बरं बाबा, सुट्टीच्या दिवशी या."

निधी सिस्टर रबरी पुतळा घेऊन आली. कमरेपर्यंतचा, पुरुषाचा. माणसं रंगात आली.

"अरे सूर्याजी, जोर लगा! बायकोने जेवायला नाही घातलं का?"

"हळू रे, बरगडी मोडेल त्याची."

"मोडली तर जुळते," निधी म्हणाली. "तुम्ही थांबू नका."

बळवंत कपाटांपुढे येरझारा घालत होता. एकदम थांबला.

"याला साडी नेसवा."

हसणं बंद पडलं. हेमेंद्र उठला. गिऱ्हाइकांपुढे रोज स्वतःच्या खांद्यावर पदर घेऊन दाखवणारा माणूस तो. बघता बघता त्याने साडी गुंडाळली, पदराच्या निऱ्या घातल्या, खांद्याशी पिन लावली.

"आता दाब."

हेमेंद्र गुडघ्यांवर बसला. त्याचे हात पदरावर अधांतरीच राहिले.

"दादा, माझ्याच्यानं नाही होत."

"आत्ता तूच नेसवलीस ना?"

"नेसवली ती पुतळ्याला. आता वहिनी दिसतात."

निधीने त्याचे तळवे धरून छातीच्या मध्यावर ठेवले. त्याने एकदा दाबलं आणि तोंड फिरवून तो मागे सरला. सूर्याजी पुढे आला. त्याने दाबलं, दाबतच राहिला. मग बाकीचे एकेक करून बसले. या वेळी कुणी हसलं नाही.

शेवटी बळवंतने साडी सोडवली. तिची घडी त्याला जमेना.

"झालं ना मनासारखं?" विश्वासरावांनी विचारलं.

"नाही."

"अहो, सगळे तर शिकले."

"त्या दिवशी तिच्याजवळ हेमेंद्र होता," बळवंत म्हणाला आणि चपला शोधू लागला.

हेमेंद्र अजून शिकायचा राहिला होता.