वगळलेलं फोल्डर

बॅकअप सॉफ्टवेअरच्या आमच्या सपोर्टमध्ये शिव्या घालणारा ग्राहक परवडला. काय बिघडलंय ते तो निदान रोज ओरडून सांगतो. मला धास्ती असते ती समाधानी ग्राहकाची, कारण तो आपल्या भरवशावर निर्धास्त झोपलेला असतो.

भ्रमरांबा गारू, म्हणजे भ्रमरांबाबाई, आमच्या सगळ्यात समाधानी ग्राहक. कर्नूलजवळच्या एका कॅन्सर हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर त्या एकट्या सांभाळतात. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची तक्रार माझ्याकडे आली: रोज सकाळी बॅकअपच्या यादीत एक लाल फुली. एक फोल्डर सतत वापरात असल्यामुळे त्याची प्रत निघतच नव्हती. कुठल्या पेशंटला शरीराच्या कुठल्या जागी किती रेडिएशन दिलं, त्याचे आकडे त्यात होते. एक जागा आयुष्यभरात ठरावीकच सोसू शकते, त्यापुढे गेलं की उपचारच माणसाला जाळतो, हे मला त्यांनीच समजावलं होतं.

तक्रार एकोणीस दिवस उघडी राहिली आणि महिनाअखेर आली. आमचा टीम लीड युगंधर खुर्चीमागे येऊन म्हणाला, "फणी, या तक्रारीचं बारसं करायचंय का? आज बंद कर."

मी ते फोल्डर बॅकअपमधून वगळून टाकलं. लाल फुली गेली. पुढच्या आठवड्यात नीट करू असं मनाशी म्हटलं, आणि त्यांना म्हटलं, "झालं." तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. त्यांनी मात्र दहापैकी दहा गुण दिले आणि वर गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याची बरणी हैदराबादला पाठवली. ती आम्ही चार दिवसांत चाटूनपुसून संपवली. लाज अशी मला तेव्हा वाटली नाही.

आज सकाळी युगंधर म्हणाला, "वार्षिक मेळाव्यात दाखवायला खूश ग्राहकाचे दोन शब्द हवेत. लाव तुझ्या त्या लोणचेवाल्या मावशीला फोन."

मी लावला.

"शंभर वर्षं आयुष्य आहे तुला, नायना," भ्रमरांबा गारू म्हणाल्या. आई लेकराला म्हणते तसं त्या मला नायनाच म्हणतात. "आत्ताच तुझं नाव काढलं. काल आमच्या सर्व्हरची डिस्क गेली."

"गेली म्हणजे?" मी विचारलं.

"अरे, घाबरू नकोस. पहाटेच नव्या मशीनवर तुमच्या बॅकअपमधून सगळं उतरवलं. एक चूक नाही, सगळं हिरवंगार. डॉक्टर म्हणाले, भ्रमरांबा, वाचवलंस. मी म्हटलं, मी कसली, हैदराबादच्या पोरानं वाचवलं."

"अम्मा, जुनी डिस्क कुठंय?"

"नियम आहे ना, पेशंटची माहिती बाहेर जायला नको. नऊ वाजता भोकं पाडून भंगारात दिली. मीच सही केली. का रे?"

शेजारी उभा राहून युगंधर हातानं खुणावत होता, बोलतं कर, बोलतं कर.

"थांब, दाखवतेच तुला," त्या म्हणाल्या आणि आपला स्क्रीन त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. "आदोनीची मद्दम्मा बसलीये इथं. मानेचा आजार उलटलाय, पुन्हा रेडिएशन द्यायचंय. मागचा आकडा डॉक्टरांनी मागितलाय. बघ आता तुझ्या बॅकअपची कमाल."

त्यांच्या माउसचा बाण यादीवरून खाली सरकू लागला. औषधांचा साठा आला होता. नर्सांच्या पाळ्या आल्या होत्या. कँटीनमध्ये कुठल्या वारी नाश्त्याला उग्गाणी-बज्जी, तो तक्तासुद्धा आला होता. बाण तळाला गेला आणि परत वर आला.

"नायना, रेडिएशनचं दिसत नाही रे. दुसरीकडे ठेवलंयस का?" आवाजात अजून हसू होतं. त्या हसण्याचीच मला भीती वाटली.

युगंधरनं सगळं पाहिलं होतं. त्यानं माझ्या माइकवर हात ठेवला. "म्हण, तपासून कळवतो. आणि ठेव फोन. उगाच कबूल करून बसू नकोस."

तिकडे दार वाजलं. कोणीतरी पुरुष घाईत विचारत होता, "मिळाला का आकडा? नसेल तर अंदाजे धरून सुरू करतो. मशीन रिकामं आहे."

मी युगंधरचा हात झटकला. "अम्मा, त्यांना थांबवा. ते फोल्डर मी वगळलं होतं. त्याची प्रत कधीच निघाली नाही."

बाण यादीच्या मधोमध थांबून राहिला. मी दोनदा हाक मारली. युगंधर केव्हाच जागेवर जाऊन बसला होता.

मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"मद्दम्मा, मागच्या खेपेला किती दिवस तुला मशीनखाली घेतलं होतं, आठवतं का गं?"

"किती की, अम्मा," दुरून एक खरखरीत आवाज आला. "पुष्कळ दिवस. तुमच्याकडं लिहिलेलं असंल की."