सुपात वाळलेला फिल्टर

गुरुवारी वापीहून श्रुतिकाचा, माझ्या मुलीचा, फोन आला. "बाबा, रविवारी आम्ही दोन दिवस राहायला येतो. पण घर मशीनने साफ करून ठेवा. झाडू नको. धुळीने छोटीला धाप लागते."

तिच्या आईच्या तेराव्याला आले होते, तेव्हा माझ्या या नातीला इतकी धाप लागली की जेवणं होताच ते परत गेले. त्याला पाच महिने झाले. मसोलीच्या या घरात त्यानंतर कोणी राहायला आलेलं नाही.

मशीन म्हणजे व्हॅक्युम क्लीनर. ती माझी बायको वासंती चालवायची. मी रेल्वेत सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली, पण या मशीनला कधी हात लावला नाही. ती सुरू झाली की मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो, "अगं बंद कर, बातम्या ऐकू येत नाहीत!"

शुक्रवारी मी ती लावली. आवाज मोठा, पण धूळ जागच्या जागी. कैनाडहून भांड्यांना येणारी सोनीबाई म्हणाली, "काका, फिल्टर धुवा. काकी दर पंधरा दिवसांनी धुवायच्या."

डबा उघडला. फिल्टरवर धुळीचा जाड थर होता आणि त्यात लांब केस गुंतले होते. मुळाशी पांढरे, पुढे मेंदीने लाल.

"द्या इकडं, मी धुते."

"राहू दे."

"उद्यावर टाकलं तर वाळायचा नाय हां."

मी ऐकलं नाही. फिल्टर वर्तमानपत्रावर ठेवला आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिलो.

शनिवारी दुपारी धुवायला घेतला. केस बोटांना गुंडाळले गेले. हात तसाच नळाखाली धरला. हळूहळू सुटले आणि मोरीत गेले.

वेळ कमी होता म्हणून फिल्टर गच्चीवर उन्हात नेला. शेजारच्या सुषमाताईंनी दोरीवर बोंबील वाळत घातले होते. मधे थोडी जागा होती, तिथे चिमटा लावून टांगला.

रविवारी सकाळी खाली आणला. सोनीबाईने हातात घेतला आणि पदर नाकाला लावला.

"काका, हा लावून घर साफ केलं तर पोरगी येईल का गावची मांजरं?"

मीही हसलो. मग फिल्टर दाबून पाहिला. आतून ओला होता.

"काकी उन्हात नव्हत्या ठेवत," ती म्हणाली. "सावलीत, सुपात. दोन दिवस लागतात."

मी श्रुतिकाला फोन केला. "मंगळवारी येता का? फिल्टर वाळला नाही."

"मंगळवारी माझी ड्युटी आहे, बाबा. गुरुवारीच सांगितलं होतं ना? एक फिल्टर धुवायला किती वेळ लागतो?"

केसांचं मला सांगता आलं नाही. "विसरलो," म्हणालो.

मागून छोटीचा आवाज आला, "आजोबांकडे नाही जायचं?"

"पुढच्या महिन्यात बघू," श्रुतिका म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

सोनीबाईने फिल्टर साबणाने परत धुतला आणि सुपात घालून मागच्या पडवीत ठेवला. मी अधूनमधून जाऊन उलटत होतो.

मंगळवारी तो खडखडीत वाळला. बसवला आणि सगळं घर साफ केलं, पलंगाखालीसुद्धा. मशीन धूळ छान ओढत होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. बातम्या ऐकू येत नव्हत्या. मी मशीन बंद केली नाही.