रविवारची पाच मिनिटं

लवू घाडीने सलाईनची बाटली उघड्या बॉनेटला टांगली, नळीला टिचकी मारून आतली हवा काढली आणि नळीवरचं चाक आवळून बंद केलं. बाटलीत सलाईन नव्हतं, बॅटरीत घालायचं पाणी होतं. नळीचं दुसरं टोक त्याने इंजिनात हवा ओढणाऱ्या रबरी पाइपात खोचलं.

फुटपाथवर स्टुलावर बसलेल्या दुर्गा विजयकरांनी मान फिरवली.

"हे कुठून आणलंत, घाडी?"

"परळच्या केमिस्टाकडून. थेंबावर ताबा ठेवायला याच्यासारखं दुसरं काय नाय."

"दुसरं काहीतरी लावा."

"दुसरं लावलं तर पाणी भसकन आत जाईल आणि इंजिन मोडेल. तुम्ही तिकडे बघून बसा, बाई."

लवूचं बोलणं असंच होतं. त्याची गिरणी बंद पडली तेव्हा साहेबाच्या तोंडावर त्याने जे सांगितलं होतं ते लालबागमध्ये अजून सांगतात. गिरणी पाडून तिथे चाळीस मजली काच उभी राहिली. त्या काचेच्या मागच्या गल्लीत, पालिकेने तीनदा उचललेल्या आणि त्याने चारदा मांडलेल्या टपरीत, तो गाड्या बऱ्या करत होता.

समोरची गाडी लाल, बुटकी, जपानी. दुर्गाबाईंचे यजमान शरदचंद्र जहाजावर इंजिनिअर होते. त्यांनी ती कोबेहून आणली, तेव्हा गिरगावात अशी गाडी कोणी पाहिली नव्हती. हिच्या इंजिनात पिस्टन नसतात. दोन तिकोनी रोटर लोखंडी पोटात गरगर फिरतात आणि तिकोनाच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात. पट्ट्या भिंतीला घासत राहिल्या तर इंजिन जिवंत. खाचेत काजळी बसली की पट्टी अडकते, दाब निसटतो आणि धूर सुटतो. या गाडीच्या पुढच्या रोटरची एक पट्टी अडकली होती. स्टार्टर मारला की तीन सारखे फुसकारे यायला हवेत. इथे दोन यायचे आणि तिसऱ्याच्या जागी नुसता सुस्कारा.

उद्या अकरा वाजता गाडी आरटीओत इन्स्पेक्शनला न्यायची होती. नोंदणीची मुदत परवा संपत होती. आठवड्यापूर्वी धुराच्या तपासणीत ती नापास झाली होती. उद्याही झाली तर पुढची वाट भंगाराची, आणि सोसायटीने तशी नोटीस आधीच लावून ठेवली होती. लोकांना दुसऱ्याची जुनी वस्तू डोळ्यांत खुपते, स्वतःचा बाप तेवढा अँटिक वाटतो.

"सिद्धांत, सुरू कर," लवू म्हणाला. "फेऱ्यांचा काटा अडीच हजारावर. पाय हलवायचा नाय."

दुर्गाबाईंचा मुलगा सिद्धांत स्टिअरिंगमागे बसला होता. एक्केचाळीस वर्षांचा, आर्किटेक्ट, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला. त्याने चावी फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, लागलं. मागून निळा धूर आला.

"जास्त होतंय का, काका?"

"तुझा पाय थरथरतोय. घाबरतोस कशाला? ती चावत नाय."

लवूने चाक एक दात सैल केलं. थेंब. थेंब. आत गेलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ काजळी सोलते. पण घाई केली तर काजळीचा खडाच्या खडा सुटतो, आणि बाहेरच्या वाटेवर पहिलंच जे लागतं ते धुराच्या झोताने फिरणारं टर्बोचं पातं. मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या पात्यावर खडा आदळला की खेळ खलास. म्हणून लवू एक हात चाकावर आणि दुसरा गाडीच्या अंगावर ठेवून उभा होता. धूर पांढरा झाला, मग करडा. फुटपाथवर काळे कण उडून पडायला लागले.

"एवढं?" सिद्धांतने खिडकीतून मान काढली. "पण आम्ही तर चालवलीच नाही गाडी."

"म्हणून तर."

"म्हणजे?"

"ही गाडी पळण्यासाठी केलीये. तापली की आपली काजळी आपणच जाळते. तुम्ही काय करत होता?"

"दर रविवारी पाच मिनिटं सुरू करायचो. जागेवर. आठ वर्षं एक रविवार चुकला नाही."

"रेस?"

"नाही, नाही. जपूनच."

लवूने चाक बंद केलं. हात पुसले. "आठ वर्षं," तो म्हणाला. "थंडगार इंजिन सुरू करायचं, तापायच्या आत बंद करायचं. याच्यापेक्षा घण घातला असता तर एका दिवसात सुटली असती बिचारी. कोणी शिकवलं हे?"

सिद्धांतने आईकडे पाहिलं.

दुर्गाबाईंनी पर्स उघडली. आतून प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेला कागद काढला आणि लवूपुढे धरला. माणसं देवाचा फोटो देतात तसा, दोन्ही हातांनी. "त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, घाडी?"

लवूने चष्मा लावला. अक्षर सरळ, इंजिनिअरचं. दर रविवारी पाच मिनिटे चालू करणे. रेस देऊ नये. बाहेर काढू नये. खाली शेवटची ओळ होती: मी येईपर्यंत.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. इंजिन आपल्या तालात घुरघुरत होतं.

"हे कधी लिवलं त्यांनी?"

"ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी. बायपास होती."

"डॉक्टर किती दिवसांनी घरी सोडणार होते?"

दुर्गाबाई सलाईनच्या बाटलीकडे बघत होत्या. आता मात्र त्यांनी मान फिरवली नाही.

"पंधरा," त्या म्हणाल्या.

लवूच्या तोंडात एक सणसणीत वाक्य तयार होतं. त्याने ते गिळलं, आणि गिळायची सवय नसल्यामुळे त्याला ठसका लागला.

"त्यांचं बरोबर होतं, बाई," तो म्हणाला. "पंधरा दिवसांसाठी एकदम बरोबर."

त्याने कागद परत दिला. दुर्गाबाईंनी तो हातात धरला, पर्समध्ये ठेवला नाही. सिद्धांतचा पाय कधी उचलला गेला ते त्यालाच कळलं नाही. काटा खाली आला, इंजिन गचके खायला लागलं.

"पाय!" लवू ओरडला. "अजून अर्धी बाटली आहे. कामात लक्ष दे."

अर्धी बाटली संपायला पाऊण तास लागला. समोरच्या मसाल्याच्या दुकानातली मनू चहा घेऊन आली आणि काळा फुटपाथ बघून म्हणाली, "लवूमामा, कोळशाची वखार घातलास काय?" लवूने तिला उत्तर दिलं नाही, म्हणजे काम बरं चाललं होतं.

इंजिन बंद करून, निवल्यावर त्याने प्लग काढले, सिद्धांतला स्टार्टर मारायला सांगितला आणि कान खाली नेला.

फस. फस. फस.

"परत."

फस. फस. फस. तिन्ही सारखे.

सिद्धांत खाली उतरून बाजूला उकिडवा बसला, पॅंट काळी झाली. "सुटली?"

"सुटली. पण उरलेलं वाफेने जायचं नाय, ते आता पळवून जाळायचं. शिवडीला जा, तिथून सागरी पुलावर चढ. आधी दहा मिनिटं शांतपणे तापव, मग दुसऱ्या गिअरमध्ये काटा सात हजारावर ने. स्पीड लिमिटच्या आतच बसतं ते. पाच-सहा वेळा कर आणि परत ये."

"सात हजार? मी तीन हजाराच्या वर कधी... तुम्हीच चालवा ना, काका. मी बाजूला बसतो."

"मी आज पळवीन. पुढच्या रविवारी कोण, तुझी सोसायटी?"

गाडीत दोनच सीट होत्या. लवूने प्लग बसवले, नळी काढली, बॉनेट खाली घेतलं. वळला तर दुर्गाबाई डावीकडचं दार उघडून आत बसत होत्या. बुटक्या सीटवर बसताना एक हात त्यांनी छताला लावला होता.

"आई, तुझं बीपी. तू रिक्षा... टॅक्सीने घरी जा."

"पट्टा कसा लागतो हा?" त्या म्हणाल्या. "ते असताना ह्याची पद्धत वेगळी होती का रे? आठवत नाही."

सिद्धांतने वाकून पट्टा लावून दिला.

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली, हातगाडीवाल्यासाठी थांबली, उगाच दोनदा ब्रेक लागला आणि वळली. लवू आवाज ऐकू येईपर्यंत उभा राहिला. मग काळे कण झाडायला बसला. पुलापर्यंत पंधरा मिनिटं, वर दहा-पंधरा, परत तेवढाच वेळ. वीस मिनिटं झाली. त्याने फुटपाथ दोनदा झाडला. अर्धा तास होत आला तेव्हा फोन वाजला.

"काका!" सिद्धांत किंचाळत होता, फोन बहुतेक आईने धरला होता. "डॅशबोर्डमधून काहीतरी कर्कश वाजतंय! मोडली वाटतं!"

"काटा कुठाय?"

"सात! सातच्या जरा वर!"

लवू मोठ्याने हसला. "वाजू दे. ती गाडीच सांगतेय, वरचा गिअर टाक."

"हे कधी वाजलंच नव्हतं!"

"पार्किंगमध्ये कशाला वाजेल, मेल्या?"

आवाज बंद झाला आणि इंजिनाचा सूर खाली आला. भरलेला, एकसंध सूर. लवूने दुसऱ्या कानावर हात दाबून तो ऐकला.

"धूर बघा," तो म्हणाला.

"मघाशी मोठा काळा लोट गेला," आता दुर्गाबाई बोलत होत्या. "मागचा टेम्पोवाला शिव्या देत पुढे गेला. आता काही नाही. मी आरशात बघतेय. स्वच्छ आहे."

"झालं तर मग. उद्या सकाळी नऊला आणा. आधी धुराचं सर्टिफिकेट, मग अकराला इन्स्पेक्शन. आता वळा मागे."

"इथे पुलावर वळता येत नाही."

"पूल संपला की चिर्ले लागेल. तिथून वळा."

"आणि नाही वळलं तर?"

लवूने कानावरचा हात काढला. "तर पनवेल," तो म्हणाला.

"त्याच्यापुढे?"

"पुढे काय, बाई. घाट."

पलीकडे वारा होता, खिडकी उघडी असावी. दुर्गाबाईंनी फोन खाली घेतला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला.

"सिद्धू, पेट्रोल किती आहे रे?"